तिसरी सही

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तू जज होतीस ना? बाबा म्हणाले." शाळेत आजी-आजोबांवर काहीतरी लिहून न्यायचं होतं तिला. मी म्हटलं, "जज नव्हे गं, जजसारखी," आणि तिकडच्या थंडीची चौकशी केली. नंतर दोन दिवस ते मनातून जाईना. मी ते काम का सोडलं, हे तुमच्या बाबालाही मी खरं सांगितलेलं नाही. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, एवढंच सांगितलं. गुडघे दुखत होतेच. पण आमची समिती तळमजल्यावर बसायची.

म्हणून हे लिहून ठेवते. मोठा झाल्यावर थोरल्याने वाचावं, आणि मग वाटलं तर धाकटीला द्यावं.

मी चंद्रपूरच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बालकल्याण समितीवर सदस्य म्हणून नेमणूक झाली. ज्या मुलांना कोणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, त्यांनी कुठे राहायचं हे ही समिती ठरवते. काळा कोट नाही, उंच खुर्ची नाही. एक लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मागे फायलींचं कपाट. पण अधिकार मॅजिस्ट्रेटचे. तातडीच्या वेळी एखादा सदस्य एकटाही मुलाची तात्पुरती सोय लावू शकतो. शेवटचा आदेश मात्र निदान तिघांनी मिळून द्यायचा, आणि तिघांचं एकमत झालं नाही तर दोघांचं म्हणणं चालतं. मला हा नियम फार आवडायचा. एक माणूस चुकेल, लहरीत येईल, पण तिघे एकदम कसे चुकतील?

मी गेले तेव्हा कपाटात फायली कशाही कोंबलेल्या होत्या. मी महिनाभरात त्या लावल्या, पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या. आदेश लिहिण्याचं कामही हळूहळू माझ्याकडेच आलं. मी ते इंग्रजीत लिहायचे, परिच्छेदांना आकडे घालून, एक खाडाखोड नाही. अध्यक्ष निवृत्त वकील होते, नागपूरचे. ते म्हणायचे, "मॅडमचा आदेश वर गेला तर वरच्यांनी काही शिकावं." मला ते ऐकायला आवडायचं.

तिसऱ्या सदस्याला सगळे आपा म्हणत. गावात त्यांचा शिवणवर्ग होता. कायदा त्यांना फारसा येत नसे. समोरच्या पोराने सकाळी काही खाल्लंय का, हे मात्र त्यांना बघताक्षणी कळायचं.

एका मंगळवारी सावली तालुक्यातल्या एका गावची बाई आमच्यापुढे आली. चाळिशी उलटलेली, धानाची थोडी शेती, नवरा शांत, मूलबाळ नाही. सोबत पाच वर्षांची मुलगी. पोरीला पहिलीत घालायला ती शाळेत गेली होती. मास्तरांनी जन्माचा दाखला मागितला. बाईने सांगितलं, दाखला नाही, कारण मी हिला जन्म दिलेला नाही. मास्तर घाबरले आणि त्यांनी मुलांच्या मदतीचा जो फोन असतो त्यावर कळवलं. तिथून प्रकरण आमच्याकडे आलं. पोरीने नवा निळा फ्रॉक घातला होता, पाठीला दप्तर होतं. इथून कागद मिळाला की शाळा, असं तिला सांगितलेलं होतं.

अध्यक्षांनी विचारलं, "ही तुमची कोण?"

"माही पोरगी जी."

"पण जन्म तुम्ही दिलेला नाही."

"नाई जी. सुपात घेतली."

"घेतली म्हणजे?"

"पायलीभर धान देल्लं न तिच्या मायले, अन् उचलली. अख्ख्या गावासमोर. कोनालेई इचारा."

"म्हणजे विकत घेतली?"

"होव जी, इकतच घेतली," ती ताठ बसून म्हणाली.

आपांना हसू आलं. "पायलीभर धानात पोरगी? बाई, माझ्या घरी तीन आहेत. घेऊन जा."

"नेतो जी. पन मंग माघारी मांगू नोका," बाई म्हणाली आणि तीही हसली. पोरगी कोण काय बोलतंय ते बघत दप्तराचा पट्टा चावत होती.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी 'विकत' हा शब्द लिहून घेतला आणि त्याखाली रेघ ओढली.

आता हे सूप काय ते तुम्हाला सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत ज्या आईची मुलं जगत नाहीत, ती नवं मूल झालं की त्याला सुपात घालून दाराबाहेर ठेवते. दुसरी बाई येते, सुपाशेजारी पायलीभर धान ओतते आणि मूल उचलते. म्हणजे मूल आता हिचं झालं. आधीच्या आईच्या दारी जे मरण टपलेलं असतं, त्याला हे मूल सापडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. मग मूल पुन्हा आईकडेच वाढतं, पण दुसऱ्याचं म्हणून. या पोरीची आई नदीपलीकडून रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, कामाला टोळीबरोबर आलेली मजूर होती. तिची दोन मुलं गेली होती. या बाईच्याच पडवीत ती बाळंत झाली, आणि हिनेच धान ओतून पोर उचलली. रोवण्यानंतर कापणी, मळणी, मग उन्हाळी कामं असं करत नऊ महिन्यांनी टोळी निघाली तेव्हा आईने पोर हिच्या मांडीवर दिली. पुढच्या रोवण्याला येते म्हणाली. आली नाही. दोन रोवणे गेले, तीन गेले.

अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुम्ही तर इकडच्याच. असली काही रीत आहे का?"

मी म्हटलं, "आहे. पण ती नावापुरती असते. त्यात मूल आईकडेच राहतं."

माझ्या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. आजही मला तेच जास्त लागतं. कारण जे मी सांगितलं नाही ते असं: मी स्वतः सुपातली आहे. माझ्याआधी माझ्या आईची तीन मुलं गेली होती. मला शेजारच्या बाईने उचललं. ती आमच्या जातीची नव्हती. माझ्या आईच्या घरात तिने कधी पाण्याच्या घागरीला हात लावला नाही, पण मी पाच वर्षांची असताना आई आजारी पडून वर्षभर अंथरुणावर होती, तेव्हा ते वर्ष मी त्या बाईच्या घरी काढलं. तिच्या ताटात जेवले, तिच्या कुशीत झोपले. कोणी तिला 'काऊन ठेवलं' असं विचारलं नाही. तिने मला घेतलं होतं, म्हणजे आईला जमत नसेल तेव्हा मला सांभाळणं हे तिचंच होतं. नावापुरती रीत असती तर त्या वर्षी मी कुठे गेले असते? पुढे वडिलांनी मला नागपूरला इंग्रजी शाळेत घातलं आणि बजावलं, हे बाहेर बोलायचं नाही. मी इतकी वर्षं बोलले नाही. त्या दिवशी टेबलाशी बसूनही बोलले नाही. मनाशी म्हटलं, सदस्याने स्वतःच्या घरातलं पुरावा म्हणून सांगणं नियमात बसत नाही.

बाईला आणि पोरीला बाहेर बसवून आम्ही तिघे बोललो.

आपा म्हणाल्या, "कागद जागेवर आणायला पोरगी कशाला हलवायची? कागद मागाहून येतील. तोवर हिच्याकडेच राहू द्या. मॅडम, ते काय म्हणतात कायद्यात, योग्य व्यक्ती?"

"आहे तशी तरतूद," मी म्हटलं.

"मग झालं तर."

"आपा, ती स्वतःच्या तोंडाने विकत घेतली म्हणतेय," अध्यक्ष म्हणाले. "उद्या कोणी शहरातला दलाल हेच सांगत आला, तर त्यालाही योग्य व्यक्ती ठरवायचं? मुलीला संस्थेत ठेवू. पेपरात नोटीस देऊ. खरी आई येते का बघू."

"खरी आई बाहेर बसलीय, सर. पोरीचं नाक पुसतेय."

एक इकडे, एक तिकडे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिशेबाने विचार केला. दोन महिन्यांची नोटीस. मजूर आई सापडली तर उत्तम. नाही सापडली तर ही बाई रीतसर अर्ज करील आणि मग पक्क्या कागदानिशी पोर तिला देता येईल. सगळं कसं सरळ रेषेत. मी अध्यक्षांच्या बाजूने मत दिलं. आदेशही मीच लिहिला. सातव्या परिच्छेदात लिहिलं की या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत वर अपील करता येईल. आपांनी खाली मराठीत तीन ओळींत आपलं वेगळं मत लिहिलं. त्यांच्या अक्षरात 'मुलीचे हाल होतील' एवढंच मला अजून दिसतं.

संस्थेची गाडी दारात लागली. पोरगी रडली नाही. तिला वाटलं, शाळेत निघालो. खिडकीतून तिने विचारलं, "संध्याकाळी न्यायले येशीन न?"

"येतो न वं माय," बाई म्हणाली. आदेशाची प्रत तिने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

नोटीस निघाली. फोटो छापून आला. कोणी आलं नाही. दोन महिने भरले आणि फाइल पुन्हा टेबलावर आली. मी ती पानापानाने तपासली. बाईचा अर्ज नव्हता, अपीलही नव्हतं. अर्ज नाही म्हणजे तिने नाद सोडला असावा, असा सरळ अर्थ फाइलमधून निघत होता. आपा त्या दिवशी नव्हत्या, समितीतले दुसरे एक सदस्य होते. मुलगी दत्तक देण्यास मोकळी आहे, अशा आदेशावर आम्ही तिघांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी.

आणि बाईला मी या दोन महिन्यांत पाहिलं होतं. एकदा नव्हे, तीन-चारदा. बाहेरच्या पत्र्याखाली बाकावर बसलेली असायची. मला वाटलं, मुलीच्या भेटीची परवानगी मागायला येत असेल, बाबू बघतील. मी आत जाऊन कामाला लागायचे.

त्यानंतर काही आठवड्यांनी आपा माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, ती बाई दर मंगळवारी येऊन बसते. बाबू तिला सांगतो आदेश झाला, घरी जा. ती म्हणते तारीख मिळाल्याशिवाय कशी जाऊ. तुम्ही तिला लिहून काय दिलंय?"

मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले. तिने पिशवीतून माझा आदेश काढला. घड्यांवर कागद झिजला होता.

"बरं झालं तुमीच आल्या, बाई. याच्यात तारीख कोनती हाये पुढची? आमच्या मास्तरालेई नाई समजली."

मी म्हटलं, "तुम्ही दर मंगळवारी कशासाठी येता?"

"काऊन म्हंजे? आमच्या सासऱ्याची वावराची केस सावलीच्या कोर्टात बावीस वर्सं चालली. एक तारीख चुकवली अन् आमच्या इरोधात गेली. म्हून मी एकई मंगळवार नाई चुकवला. रोवन्याच्या दिवसातई नाई. बाया बोंबलत होत्या, धानाची बांदी पडून राह्यली म्हून. म्या म्हनलं, रोवना मागाहून होईन, तारीख मागाहून नाई होत."

तिच्या हिशेबी कोर्ट म्हणजे तारीख. जो दर तारखेला हजर राहतो त्याचं कोर्ट कधी ना कधी ऐकतं. एका दिवसात आदेश होतो, आणि त्यानंतर येऊन बसण्याला काही अर्थ नसतो, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. सातव्या परिच्छेदात लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत, माझ्या स्वच्छ इंग्रजीत.

मी तिला तिच्या भाषेत सगळं सांगितलं. तिने आदेशाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "मंग मी बसून राह्यली ते कायले?"

त्या आठवड्यात मी फुकट वकील देणाऱ्या कार्यालयात गेले. उशीर माफ करावा म्हणून तिच्या वतीने अपील दाखल झालं. मी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात सूप लिहिलं, पायली लिहिली, माझी आई, ती शेजारची बाई, तिच्या घरी काढलेलं वर्ष, सगळं लिहिलं. सत्तरी जवळ आल्यावर पहिल्यांदा. अध्यक्षांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं. पण अपील उभं राहायला महिने गेले, आणि दरम्यान मुलगी परदेशी एका जोडप्याकडे रवाना झालेली होती. कोणता देश ते आम्हाला सांगत नाहीत.

वरच्या कोर्टात न्यायाधीश एकट्याच होत्या, तुमच्या आईच्या वयाच्या. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि मला उभं केलं.

"हे तुम्ही समितीपुढे का सांगितलं नाही?"

मी उभी राहिले. "नियमात बसत नाही असं वाटलं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बसा."

त्यांनी उशीर माफ केला. ही खरेदी नव्हती, बाईवर कोणताही ठपका नाही, असंही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की मुलगी एका घरातून उपटली गेली आहे, तिला पुन्हा दुसऱ्या घरातून उपटणं तिच्या हिताचं नाही. सल्ला विचारायला त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच लिहिलं असतं. हे मी बाईला सांगितलं नाही.

वकिलाने तिला निकाल समजावला. तिने एकच विचारलं, "म्हंजे आपून जितलो का हारलो?" वकील म्हणाला, "तुमच्यावर डाग नाही राहिला." ती म्हणाली, "डाग धुवाले कोन आलं होतं जी?"

मी राजीनामा दिला. कापणीच्या दिवसांत मूल गावावरून सावलीला जाणाऱ्या बसने तिच्या गावी गेले. माफी मागायची म्हणून घरून वाक्यं तयार करून नेली होती. तिने ती पुरती ऐकलीच नाही. पाट दिला, काळा चहा दिला, दूध नाही म्हणून दोनदा बोलली. मग विचारलं, "तुमचे नातू कुठी हायेत?"

"बाहेरदेशी."

"मंग तुमाले मालूम असन तिथचं. भात भेटते का?"

"मिळतो."

"आपल्यासारखा?"

"जरा वेगळा. पण मिळतो."

"तिच्या डाव्या कानातून पावसाच्या दिवसांत पानी येते. सांगतलं असन का कोनं?"

मला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं की मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला स्वतःची फाइल मागता येते. तोवर त्या फाइलमध्ये एक पत्र ठेवायला संस्था तयार झाली आहे, बघा लिहायचं असेल तर. माफीऐवजी माझ्याकडे एवढंच होतं. ती उठली, आतून घरात असलेला एकुलता एक पेन घेऊन आली. माझ्या पर्समध्ये तीन होते. मी तिचाच घेतला.

"मराठीत लिहिते," मी म्हटलं.

"नाई, इंग्रजीतच लिवा. तिले आपलं नाई येनार आता."

ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कानाचं लिहिलं. जन्म कोणत्या पडवीत झाला ते लिहिलं. जन्माच्या आईचं वर्णन लिहिलं: उंच, सावळी, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, रोवताना गाणं म्हणायची. "ती वाईट नोती असं लिवा. तिले काई तरी झालं असन, नाई तर आली असती." शाळेचा निळा फ्रॉक अजून एक शिवून ठेवला होता, तो आता शेजारच्या पोरीला दिला, असंही लिहायला लावलं. तीस वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं. पण 'वं माय' याला मला इंग्रजी सापडलं नाही. ते मी आपल्या अक्षरांत तसंच ठेवलं.

शेवटी मी विचारलं, "खाली काय लिहू? कोणाकडून? आई लिहू?"

ती उठून दाराशी गेली. कापलेल्या धानाचे भारे अंगणात येऊन पडत होते, नवरा ते मोजता मोजता थांबला होता.

"नोका लिवू," ती म्हणाली. "तिथी हाये न तिले एक. चांगली असन. उगाच पोरीच्या डोक्याले घोर होईन, हे कोन अन् ते कोन. तुमी गावाचं नाव लिवा. यावं वाटलं तर येईन."

मी गावाचं नाव लिहिलं. खाली तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर. मग तिने सांगितलं तसं: बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीवरून सरळ, हातपंपानंतरचं तिसरं घर. पिन कोड तिला माहीत नव्हता. तो मी परत जाताना शाळेच्या भिंतीवरून उतरवून घेतला.